वृद्धांचा लपविलेला विकार

पुण्याहून सातारा रस्त्यानें निघालेला मनुष्य कात्रज ओलांडून नसरापुराच्या फाट्याशीं आला, म्हणजे उजव्या हातास वेल्ह्याकडे जाणारा रस्ता फुटतो. या रस्त्यावर मार्गासनी हें गांव आहे. राजगड चढावयास निघालेलीं शहरांतील तरुण मंडळी येथूनच साखर-गुंजवण्याकडे वळतात, आणि चहाच्या दुकानापलीकडे गांव असें त्यांना फारसें दिसत नाहीं. गुंजवणीच्या खोऱ्यांतील हा मुलूख भाताचा व पावसाचा. घरटीं एक-दोन मुलें पुण्यास किंवा मुंबईस नोकरीला, आणि घर व शेत संभाळण्यास मागें राहिलेले आईबाप, ही येथील नित्याची स्थिति होय.

अशा गांवांत सत्तरी गांठलेला एक शेतकरी आहे असें समजावें. प्रकृतीनें काटक, डोळ्यांनीं स्वच्छ, दिवसा बांधावरून तरण्याप्रमाणें चालणारा. परंतु रात्र झाली कीं त्याची परीक्षा सुरू होते. दहा वाजतां अंथरुणाला पाठ टेकतो, तों साडेअकराला लघवीची जाणीव होऊन उठावें लागतें. पुन्हां एक वाजतां, पुन्हां अडीच वाजतां. हातांत विजेरी, डोक्यावर इरलें किंवा गोणपाट, पायांखालीं आषाढांतील निसरडी वाट, आणि बांधाच्या कडेला फुरसें असेल ही भीति. इतका खटाटोप करून बाहेर गेल्यावर तरी काम चटकन् व्हावें, तर तेंहि नाहीं. उभें राहून वाट पाहावी लागते, धार बारीक असते, मध्येंच तुटते, आणि परत येऊन आडवें झालें तरी पुरतें मोकळें झाल्यासारखें वाटत नाहीं. या त्रासावर त्यानें आपल्या बुद्धीप्रमाणें उपायहि शोधलेले असतात. दुपारनंतर पाणी पिणें त्यानें सोडून दिलेलें असतें, आणि एस्. टी.नें पुण्यास जाण्याचा प्रसंग आला तर सकाळचा चहाहि तो घेत नाहीं.

गणपतींत तो चार दिवस मुलाकडे राहावयास येतो, तेव्हां ही गोष्ट प्रथम सुनेच्या ध्यानांत येते, कारण शहरांतील दोन खोल्यांच्या घरांत मध्यरात्रीं पांच वेळां वाजणारी संडासाची कडी लपून राहत नाहीं. ती नवऱ्याच्या कानावर घालते. मुलगा विचारतो, "आबा, झोंप लागत नाहीं का?" आबा उत्तर देतात, "वय झालं, असं व्हायचंच." एवढ्यावर तें संभाषण संपतें. मुलगा पुढें विचारीत नाहीं, कारण विषय संकोचाचा. बाप पुढें सांगत नाहीं, कारण विषय त्याहूनहि संकोचाचा. ज्या घरांत मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू यांविषयीं जेवतांना मोकळेपणें बोललें जातें, त्याच घरांत या एका विकारासाठीं शब्द सांपडत नाहींत.

आबांचें म्हणणें निम्में खरें आहे. हा विकार वयाबरोबर येतो. मूत्राशयाच्या तोंडाशीं, मूत्रमार्गाच्या आरंभाला चोहोंकडून वेढून एक ग्रंथि असते. तिला इंग्रजी वैद्यकांत प्रोस्टेट आणि मराठी परिभाषेंत पुरःस्थ ग्रंथि म्हणतात. तरुणपणीं ती अक्रोडाएवढी, सुमारें वीस ग्रॅम वजनाची असते, आणि वीर्यांतील कांहीं द्रव निर्माण करणें हें तिचें काम. चाळिशीनंतर पुष्कळ पुरुषांत ती वाढूं लागते. पन्नास ते साठ या वयाच्या सुमारें निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढें दहापैकीं आठ-नऊ पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखालीं आढळते. ही वाढ कर्करोगाची नव्हे, आणि तिच्यापासून कर्करोग होतो असेंहि नाहीं. मात्र त्याच ग्रंथींत निराळा कर्करोग असूं शकतो, म्हणून तपासणींत तोहि प्रश्न पाहिला जातो.

आबांचें म्हणणें निम्में चुकीचें आहे तें असें, कीं वाढ झाली म्हणजे त्रास निमूटपणें सोसलाच पाहिजे असें नाहीं. येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ग्रंथीचा आकार आणि रुग्णाचा त्रास यांचें प्रमाण सरळ नसतें. शंभर ग्रॅमची ग्रंथि घेऊन एखादा गृहस्थ सुखानें झोंपतो, आणि पस्तीस ग्रॅमची ग्रंथि दुसऱ्याची झोंप उडविते. वाढ बाहेरच्या बाजूस झाली कीं आंतल्या मार्गावर दाब पडला, यावर सर्व अवलंबून आहे. क्वचित् ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयांत वर उचलला जाऊन तोंडावर झडपेसारखा बसतो. अशा वेळीं आकार लहान असूनहि अडथळा मोठा होतो.

खरें नुकसान मात्र ग्रंथींत होत नाहीं, मूत्राशयांत होतें, आणि तें दिसत नाहीं. भातखाचराच्या बांधांतून पाणी काढून देण्यासाठीं ठेवलेलें तोंड गाळानें अरुंद झालें तर वरच्या खाचरांत पाणी तुंबतें, हें मार्गासनीच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. पुढचें तोंड अरुंद झालें कीं ती अधिक जोर लावते, जोर लावून लावून तिच्या भिंती जाड व चिवट होतात, आणि थोडें मूत्र सांठतांच ती आंकुंचन पावूं लागते. वारंवार व घाईनें उठावें लागतें त्याचें एक कारण हें. पुढें पुष्कळ वर्षांनीं ती थकते. मग लघवी झाल्यावरहि दोनशें-तीनशें मिलिलिटर मूत्र आंत शिल्लक राहूं लागतें, त्यांत जंतु वाढतात, खडे धरतात, आणि दाब उलटा मूत्रपिंडांपर्यंत पोहोंचला तर मूत्रपिंडें हळूहळू निकामी होतात. या शेवटच्या अवस्थेंत वेदना बहुधा नसतेच. उलट रात्रीं अंथरूण ओलें होऊं लागतें, आणि घरचीं माणसें समजतात कीं म्हातारपणीं ताबा सुटला. वस्तुतः पिशवी काठोकाठ भरून वरचें पाणी सांडत असतें. पिशवी एकदां पुरती थकली म्हणजे अडथळा कितीहि कुशलतेनें दूर केला तरी तिची शक्ति परत येईलच असें सांगतां येत नाहीं. या विकारांत वेळेला महत्त्व आहे तें एवढ्याचसाठीं.

दुसरा प्रकार असा, कीं एके रात्रीं लघवी एकाएकीं पूर्ण तुंबते. त्याला निमित्त पुष्कळदां क्षुल्लक असतें. पावसाळ्यांत सर्दी झाली म्हणून दुकानांतून आणलेली नाक मोकळें करणारी गोळी, दोन दिवसांचा मलावरोध, लग्नांत घेतलेलें मद्य, किंवा प्रवासांत तासन्‌तास दाबून धरलेली लघवी. ओटीपोट नगाऱ्यासारखें तट्ट फुगतें आणि सत्तर वर्षांचा धीराचा पुरुष लहान मुलासारखा तळमळूं लागतो. अशा वेळीं घरीं शेक देत बसणें किंवा आणखी पाणी पाजणें हें चुकीचें आहे. जवळच्या दवाखान्यांत नेऊन मूत्रमार्गांतून रबरी नळी घालून घेणें हाच उपाय होय, आणि ती पडतांच जो सुटकेचा उसासा रुग्ण टाकतो तो ज्यानें ऐकला तो विसरत नाहीं. पण श्रावणांतल्या झडींत, मध्यरात्रीं, खेड्यांतून वाहन मिळवून हें सर्व करणें म्हणजे काय, याची कल्पना शहरांत बसून यावयाची नाहीं.

संकोचाविषयीं आणखी एक सांगण्यासारखें आहे. सप्टेंबर २००७ मध्यें भारताचे त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर दिल्लीच्या एम्स या संस्थेंत याच ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली, आणि ती वार्ता सर्व वृत्तपत्रांनीं छापली. जानेवारी २०२४ मध्यें इंग्लंडचे राजे चार्ल्स यांना याच वाढीसाठीं रुग्णालयांत जावें लागलें, तेव्हां राजवाड्यानें विकाराचें नांव मुद्दाम प्रसिद्ध केलें. त्या नांवाची माहिती शोधणाऱ्यांची तेथें एकच झुंबड उडाली. राजाला जें सांगण्याची लाज वाटली नाहीं तें आबांना मुलाजवळ सांगतां येऊं नये, यांत आबांपेक्षां मुलाचा दोष अधिक म्हणावा लागेल. बापानें विषय काढावा ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

विकार नवा नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत, आणि त्यांत वाताष्ठीला नांवाचा एक प्रकार आहे. गुद आणि बस्ति यांच्या मध्यें गोटीसारखी घट्ट, उंचावलेली गांठ होऊन मूत्र अडतें, असें त्याचें लक्षण दिलेलें आहे. ग्रंथकाराला कोणती गांठ अभिप्रेत होती याविषयीं पंडितांनीं खुशाल वाद घालावा. बोट लावून तपासणाऱ्या वैद्याला जें हातास लागेल तेंच हें वर्णन आहे, एवढें मात्र खरें.

शस्त्रक्रियेच्या इतिहासांत हिंदुस्थानशीं निगडित असें एक नांव येतें. पीटर फ्रेयर हा आयरिश शल्यवैद्य इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें वीसएक वर्षें होता. मूत्राशयांतील खडा पोट न फाडतां, मूत्रमार्गानेंच यंत्र घालून आंत चुरावयाचा आणि भुगा धुवून काढावयाचा, या कलेंत त्याचा हातखंडा होता. रामपूरच्या नबाबाला त्यानें मुतखड्यापासून मुक्त केलें आणि नबाबानें त्यास एक लाख रुपये दिले, ही हकीकत त्या काळीं बरीच गाजली. निवृत्त होऊन तो लंडनला गेला आणि १९०० च्या डिसेंबरांत त्यानें ओटीपोट उघडून, मूत्राशयांतून बोट घालून, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथि सबंध सोलून काढली. संत्र्याचें साल तसेंच ठेवून आंतला गर काढावा तसा हा प्रकार. नियतीची मौज अशी, कीं न कापतां खडा काढण्यासाठीं हिंदुस्थानांत नांवाजलेला हा मनुष्य पोट कापून ग्रंथि काढणारा म्हणून जगांत अमर झाला. १९४५ मध्यें लंडनच्या टेरेन्स मिलिन यानें मूत्राशयाला धक्का न लावतां ग्रंथीपर्यंत पोहोंचण्याची वाट दाखविली. परंतु पोट तें पोटच. रक्तस्राव, जखम आणि दीर्घ विश्रांति यांतून कोणाचीहि सुटका नव्हती.

पोट न उघडतां मूत्रमार्गांतूनच दुर्बीण घालून, विजेच्या तारेनें ग्रंथीचे पापुद्रे खरवडून काढावयाचे, ही पद्धति १९२६ मध्यें मॅक्सिमिलियन स्टर्न याच्या यंत्रानें व पुढें मॅकार्थीच्या सुधारणांनीं रूढ झाली. हिलाच आज सर्वत्र टी. यू. आर. पी. म्हणतात, आणि नव्या उपायांची परीक्षा अजून याच कसोटीवर होते. पाठीच्या कण्यांत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, तासाभरांत काम उरकतें, दोन-तीन दिवस नळी राहते, आणि धार तरुणपणासारखी होते. उणीव नाहीं असें नाहीं. रक्त जातें. पूर्वी ज्या द्रवानें आंतील भाग धूत, तो शरीरांत शोषला जाऊन रक्तांतील क्षाराचें प्रमाण उतरे, आणि रुग्ण भ्रमिष्ट होई. आतां खारट पाण्यांत चालणारीं यंत्रें आल्यापासून ही भीति जवळजवळ गेली आहे. राहिलेली एक गोष्ट अशी, कीं या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य पुरुषांत वीर्य बाहेर न येतां उलट मूत्राशयांत जातें. पौरुष त्यानें सहसा जात नाहीं. पण ही गोष्ट आधीं सांगितली नाहीं तर मागाहून मनुष्य मनांतून खचतो, आणि कोणास बोलत नाहीं.

औषधांचें थोडक्यांत सांगतां येईल. टॅम्सुलोसिनसारखीं औषधें मार्गाचे स्नायु सैल करतात. गुण चार-सहा दिवसांत दिसतो, मात्र एकदम उभें राहिल्यास घेरी येऊं शकते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर हें औषध चालू असल्याचें डोळ्यांच्या डॉक्टरांस अवश्य कळवावें. फिनास्टराइडसारखीं औषधें ग्रंथि प्रत्यक्ष लहान करतात, पण त्यांना सहा महिने द्यावे लागतात. त्यांनीं पी. एस. ए. या रक्ततपासणीचा आंकडा सुमारें निम्म्यावर येतो, म्हणून तपासणाऱ्यास तें सांगावें लागतें. पुष्कळांचें आयुष्य या दोन गोळ्यांवर सुखानें निघतें, आणि ज्याचें निघत आहे त्यानें नव्या यंत्रांच्या मागें लागूं नये.

ज्यांचें निघत नाहीं, आणि ज्यांना टी. यू. आर. पी. नको आहे किंवा सोसवणार नाहीं, त्यांच्यासाठीं गेल्या पंधरा-वीस वर्षांत कांहीं सौम्य उपाय पुढें आले. त्यांचें वर्णन जाहिरातींत वाचलें तर जादूच वाटते. जादू त्यांत नाहीं. परंतु युक्ति आहे, आणि ती समजून घेण्याजोगी आहे.

पहिली युक्ति पडदा बाजूला बांधण्याची. ग्रंथीचे दोन्ही पाखे मार्गावर लोंबत असतात, ते कापण्याऐवजीं बारीक टांक्यांनीं बाहेरच्या बाजूस ओढून ठेवावयाचे. टांक्याचें एक टोंक ग्रंथीच्या बाहेरच्या कवचावर, दुसरें मार्गाच्या भिंतीवर, मध्यें धागा. चार-सहा टांके घातले कीं मार्ग उघडा राहतो. या यूरोलिफ्ट नांवाच्या साधनास अमेरिकेंत २०१३ मध्यें मान्यता मिळाली. ग्रंथि फार मोठी, म्हणजे ऐंशी मिलिलिटरच्या वर, नसावी लागते, आणि मधला पाखा वर आलेला असेल तर ही युक्ति तितकीशी उपयोगी पडत नाहीं. बहुतेकांना त्याच दिवशीं घरीं जातां येतें, नळी पुष्कळदां लागतच नाहीं, आणि वीर्याचा मार्ग बदलत नाहीं. त्याची किंमत अशी, कीं ग्रंथि आंतल्या आंत वाढतच राहते. या उपायाच्या मुख्य परीक्षेंत पांच वर्षांत शंभरांपैकीं सुमारें चौदा जणांना पुन्हां एखादी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

दुसरी युक्ति वाफेची. दुर्बिणीतून बारीक सुई ग्रंथींत टोंचून पाण्याची वाफ नऊ सेकंद सोडावयाची. वाफ पेशींच्या फटींतून पसरते, थंड होऊन पाणी होतांना आपली उष्णता त्यांना देते, आणि त्या पेशी मरतात. शरीर त्या मेलेल्या भागाला सावकाश जिरवून टाकतें. इडली करणाऱ्या गृहिणीला वाफेचा हा गुण सांगावयास नको. उकळत्या पाण्यापेक्षां वाफेनें हात अधिक भाजतो, तो याच कारणानें. रेझूम या नांवाच्या यंत्रास २०१५ मध्यें मान्यता मिळाली, आणि पांच वर्षांत पुन्हां शस्त्रक्रियेची पाळी शंभरांत चार-पांचांवर आली, म्हणजे टांक्यांपेक्षां हा गुण अधिक टिकाऊ दिसतो. परंतु येथें गुण लगेच येत नाहीं. उलट आरंभीं सूज येऊन मार्ग अधिकच आवळतो, म्हणून कांहीं दिवस नळी ठेवावी लागते, कित्येक आठवडे जळजळ राहते, आणि पुरता फरक पडण्यास तीन महिने लागतात.

तिसरी युक्ति सर्वस्वीं निराळी, कारण तींत मूत्रमार्गाला हातच लावीत नाहींत. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनींतून केंसासारखी बारीक नळी घालून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत, ती ग्रंथीला रक्त पुरविणाऱ्या धमनीपर्यंत नेतात. तेथें वाळूच्या कणांपेक्षां बारीक, मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे कण सोडून ती धमनी बुजवितात. पाट बंद केला म्हणजे पीक सुकतें, तशी ग्रंथि आंत आंत आंकसते. ब्राझीलमधील साव पावलो शहरीं फ्रान्सिस्को कार्नेवाले या वैद्यानें २००८ मध्यें वाढलेल्या ग्रंथीसाठीं हा उपाय प्रथम केला, आणि २०१८ मध्यें इंग्लंडच्या सरकारी वैद्यक मंडळानें त्यास अनुकूल अभिप्राय दिला. हें काम मूत्रशल्यतज्ज्ञ करीत नाहीं, क्ष-किरणशास्त्रांतील त्या शाखेचा तज्ज्ञ करतो. म्हणून रुग्णाला दोघांचाहि सल्ला एकत्र मिळाला पाहिजे. नाहींतर ज्याच्या हातीं जें हत्यार त्याचीच तो स्तुति करणार. फार मोठ्या ग्रंथींवरहि हा उपाय चालतो, भूल लागत नाहीं. त्याची अडचण अशी, कीं म्हाताऱ्या माणसाच्या धमन्या वेड्यावांकड्या व कठीण झालेल्या असतात, आणि एखादा कण भलत्या शाखेंत गेला तर मूत्राशयाला किंवा गुदाला इजा होऊं शकते. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथें टी. यू. आर. पी.शीं त्याची तुलना झाली, तेव्हां रुग्णांना वाटणारा आराम जवळजवळ सारखा आला, परंतु मोजून पाहिलेली धार मात्र टी. यू. आर. पी.नेंच अधिक मोकळी झाली.

या नव्यांच्या स्तुतींत भान राखण्याचें कारण जुन्यांतच आहे. १९८०-९० च्या सुमारास ग्रंथींत फुगा फुगवून मार्ग रुंद करण्याची टूम निघाली होती. त्यानंतर सूक्ष्मलहरींची उष्णता देण्याची निघाली, मग सुयांतून रेडिओलहरी देण्याची. प्रत्येकीच्या आरंभीं असेच उत्साहाचे निबंध छापले गेले, आणि आज त्यांचें नांव क्वचितच निघतें. वाफेचा व टांक्यांचा उपाय त्यांहून बरा ठरलेला आहे यांत शंका नाहीं, पण पंधरा-वीस वर्षांनीं त्यांचे रुग्ण कसे असतील हें सांगावयास अजून कोणाजवळ आंकडे नाहींत.

आतां मार्गासनीच्या आबांकडे परत जाणें प्राप्त आहे, कारण उपाय निवडावयाचा तो त्यांच्यासाठीं. शहरांतील मुलगा वर्तमानपत्र वाचून येतो आणि विचारतो, कीं कापाकापीवांचून होईल तें सांगा. वरवर पाहतां हा प्रश्न दयेचा आहे. परंतु आबांच्या दृष्टीनें छेद किती लहान यापेक्षां नसरापूरच्या फाट्यावरून पुण्यास किती वेळां यावें लागणार, हें अधिक महत्त्वाचें असूं शकतें. ज्या उपायानंतर आठवडाभर नळी व पिशवी बाळगावयाची, नळी काढल्यावर लघवी तुंबली तर पुन्हां रात्रीं धांवावयाचें, आणि गुण येईपर्यंत तीन महिने वाट पाहावयाची, तो उपाय कोथरुडांत राहणाऱ्या निवृत्त कारकुनाला सौम्य वाटेल. आषाढांत खाचरांत उभें राहून लावणी करणाऱ्याला तो सौम्य नाहीं. त्याच्या बाबतींत पंढरीची वारी होऊन पाऊस उघडल्यावर, सुगीच्या आधींचे मोकळे दिवस गांठून, एकदांच काय तें उरकणें बरें पडतें. लेसर किरणांनीं फ्रेयरप्रमाणेंच ग्रंथि आंतून सोलून काढण्याची पद्धति न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनीं १९९० नंतरच्या दशकांत सिद्ध केली. शंभर-दीडशें ग्रॅमची ग्रंथिहि तिनें पोट न उघडतां निघते, रक्त कमी जातें, आणि पुन्हां वाढण्यास मागें फारसें कांहीं उरत नाहीं. हिला सौम्य उपायांच्या यादींत घालीत नाहींत, कारण भूल लागते. फेऱ्यांच्या हिशेबानें पाहिलें तर पुष्कळ आबांना तीच सर्वांत सौम्य ठरेल.

उलट, पंचावन्न वर्षांचा, लहान ग्रंथीचा, नुकताच पुनर्विवाह झालेला आणि संततीची आशा असलेला गृहस्थ असेल, तर टांके किंवा वाफ हींच त्याला योग्य. ऐंशी वर्षांचा, हृदयांत स्प्रिंगा बसविलेला, रक्त पातळ करणारीं औषधें ज्याला क्षणभरहि थांबवितां येत नाहींत, असा वृद्ध नळी बाळगून कंटाळला असेल, तर धमनीच्या मार्गाचा विचार त्याच्यासाठीं व्हावा. आणि ज्याचें मूत्राशयच थकलें आहे, ज्याच्या मूत्रपिंडांवर ताण आला आहे, किंवा पिशवींत खडे झाले आहेत, त्याच्यासाठीं अर्धवट वाट उघडणारा कोणताहि उपाय घेणें हें धोक्याचें आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत यांपैकीं कांहीं उपाय मिळतात, सर्वच सर्वत्र मिळत नाहींत, आणि नव्या साधनांची किंमत सामान्य घराला जड आहे. टी. यू. आर. पी. मात्र सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतूनहि होते, आणि राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत मूत्रसंस्थेच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. शिधापत्रिका घेऊन तेथें चौकशी करण्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

डॉक्टरकडे जाण्यापूर्वीं घरीं दोन गोष्टी करतां येतात. एक, सात प्रश्नांचा तक्ता. लघवी पुरती झाली नाहीं असें वाटतें का, धार तुटते का, जोर करावा लागतो का, रात्रीं किती वेळां उठावें लागतें, अशा सात प्रश्नांना शून्य ते पांच गुण द्यावयाचे. बेरीज सातपर्यंत आली तर त्रास सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, वीसच्या वर तीव्र. अमेरिकेंतील मूत्ररोगतज्ज्ञांनीं १९९२ मध्यें केलेला हा तक्ता आज जगभर वापरतात. आबांना तो वाचून दाखवितांना सुनेनें खोलीबाहेर असावें आणि शक्य तर नातवानें वाचावा. मुलापेक्षां नातवाशीं म्हातारे मोकळे बोलतात. लघवींत रक्त दिसलें असेल तर तें या तक्त्यांत बसत नाहीं. तें एकदांच दिसून थांबलें असलें तरी ग्रंथीच्या माथीं न मारतां वेगळें सांगावें.

दुसरी गोष्ट तीन दिवसांची वही. एक खुणांचें प्लॅस्टिकचें भांडें घ्यावें, आणि प्रत्येक वेळची लघवी मोजून, वेळ घालून लिहावी. प्यालेलें पाणी व चहाहि लिहावा. हें काम किळसवाणें वाटेल, परंतु या वहीनें कित्येकांची शस्त्रक्रिया टळलेली आहे. चोवीस तासांत होणाऱ्या एकंदर मूत्रापैकीं एक-तृतीयांशाहून अधिक रात्रींच होत असेल, तर रात्रीं उठण्याचें कारण ग्रंथींत नसून पायांवरील सुजेंत, हृदयांत, घोरण्यांत किंवा संध्याकाळच्या औषधांत असण्याचा संभव असतो, आणि ग्रंथि टांक्यांनीं बांधली, वाफेनें शिजविली किंवा सबंध सोलून काढली तरी विजेरी घेऊन बाहेर जाणें थांबत नाहीं. ही बेरीज करतांना एक चूक नेहमीं होते. पहांटे उठल्यावर प्रथम जी लघवी होते ती दिवसाच्या खात्यांत लिहिली जाते. ती रात्रभर सांठलेली असते, म्हणून रात्रीच्या हिशेबांत धरावयाची असते.